गमबुटाच्या बुटांवरचा आळ

…तर गमबूट दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत आडवा पडलेला, तोंड वासलेलं, त्या तोंडात डॉक्टरचे दोन्ही हात, आणि आमची सूनबाई दारात उभी राहून त्याला विचारतेय, "खरं सांगा, त्या पिल्लाला तुम्ही हात लावलात की नाही?"

गमबूट म्हणाला, "आँ."

"हो की नाही?"

"आँ आँ."

"बाई," दातांचे डॉक्टर मान न वळवता म्हणाले, "यांना आत्ता एवढंच बोलता येतं. आणि बाहेर थांबा, तुमच्या आधी अजून दोघं बसलेत."

काल इथवर आलो होतो आणि जेवायची हाक आली. जेवण काय, रोजच असतं. पण तुम्ही सगळे उठलात, मग माझाही इलाज चालला नाही. आज काल नसलेली मंडळीही दिसतात, तेव्हा जरा मागून उचलतो. जे काल होते त्यांनी पुन्हा ऐकावं. गोष्ट दुसऱ्यांदा जास्त चांगली लागते, निदान सांगणाऱ्याला तरी.

सूनबाई म्हणजे माझ्या मुलाची बायको. जनावरांची डॉक्टर. पण गाई-म्हशींची नव्हे, कुत्र्या-मांजरांचीही नव्हे. समुद्रातल्या जनावरांची, आणि तीही बहुतेक मेल्यानंतरची. आम्ही गावच्या शाळेत शिकलो तेव्हा समुद्रात राहतो तो मासा, एवढ्यावर धडा संपायचा. सूनबाई घरात आली तेव्हा कळलं की पाण्यात आपल्यासारखीच दूध पाजणारी, हवेत श्वास घेणारी, पिल्लाला कुशीत घेऊन झोपणारी मंडळीही असतात. सील त्यातलाच. लांबून बघितला तर ओली उशी, जवळून बघितला तर मिशा राखलेला, पेन्शनीत निघालेला हेडमास्तर.

किनाऱ्यावर आजारी सील सापडले की त्यांना आणून ठेवायचं केंद्र आमच्या घरापासून जवळच आहे. सिमेंटचं मोठं तळं, भोवती जाळी, एका अंगाला माशांच्या पेट्यांची गार खोली, दुसऱ्या अंगाला सूनबाईंची प्रयोगशाळा. जगला तो सील पुन्हा समुद्रात सोडतात. मेला तो सूनबाईंच्या टेबलावर येतो आणि कशाने मेला ते ती शोधते.

आता सूनबाईंचा स्वभाव सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. स्वच्छता! अहो, आमच्या घरात झाडू दमतो पण ती दमत नाही. तिने पुसलेल्या ओट्यावर माशी बसायला आली तर आधी विचार करेल. चहाचा कप मी टेबलावर ठेवला की तो उचलायच्या आत खालचा गोल डाग पुसलेला असतो. कधी कधी कपही धुतलेला असतो आणि चहा माझा प्यायचा राहिलेला असतो. स्टीलच्या भांड्यावर पाण्याचा वाळलेला ठिपका दिसला तर तिला रात्रभर झोप लागत नाही. माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो, त्याचे हात कायम ग्रीसने माखलेले. तो दारातच उभा राहतो आणि दोन्ही हात वर करून हाक मारतो, "अगं, मी शरण आलोय, टॉवेल दे!"

आणि अशा बाईच्या नशिबी कामाच्या जागी कोण आला? गमबूट.

हे त्याचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव त्याच्या आईनंतर कोणी वापरलं असेल असं वाटत नाही. तळ्याची आणि सीलची देखभाल त्याच्याकडे. पोटऱ्यांपर्यंत येणारे काळे गमबूट सकाळी पायात चढवायचे ते झोपताना काढायचे. त्या बुटांवर काय काय होतं ते विचारू नका. माशांचे खवले, शेवाळ, सीलची शी, आणि मागच्या वर्षीचा रंग. तो शिट्टी वाजवत यायचा, तळ्यात मासा फेकायचा, त्याच हाताने कपाळावरचा घाम पुसायचा आणि त्याच हाताने सूनबाईंच्या प्रयोगशाळेचं दार ढकलायचा.

"मॅडम, चहा घेणार?"

"दाराला हात लावू नका!"

"मग वाजवू कसं?"

"बाहेरून बोला!"

"बाहेरून बोललो तर तुम्ही म्हणता ओरडू नका."

ही त्यांची रोजची सुरुवात. तो तिला पाठीमागे 'चकाचक मॅडम' म्हणायचा. पाठीमागे म्हणजे ती तीन पावलं पुढे असताना. मी रोज सकाळी तळ्यापाशी बाकावर जाऊन बसतो, म्हणून हे सगळं माझ्या कानावर पडायचं. गमबूट माझ्या शेजारी टेकायचा, सीलच्या गोष्टी सांगायचा, मी त्याला माझ्या सांगायचो. एकाची संपायच्या आत दुसऱ्याची सुरू. असा जोडीदार या वयात मिळणं कठीण. घरी गेलो की सूनबाई नाक मुरडायची, "बाबा, तुम्ही परत त्यांच्याशेजारी बसलात ना? शर्ट भिजत टाका."

मग त्या हंगामात सील मरायला लागले.

एक मेला, दुसरा मेला, मग मेलेच मेले. सगळ्यांना फुप्फुसाचा आजार. सूनबाईने प्रत्येकाच्या फुप्फुसातून नमुने घेतले. ते नमुने झाकणाच्या छोट्या बशीत, शिरा थापल्यासारख्या खाद्यावर फासतात आणि बशी उबेच्या कपाटात ठेवतात. दोन दिवसांनी बशीत ठिपके उगवतात. एकेका ठिपक्यात लाखो जिवाणू, पण सगळे एकाच आईची लेकरं. त्यातला एक ठिपका उचलायचा, वेगळा वाढवायचा आणि शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथलं यंत्र त्या जिवाणूची जनुकं वाचतं. म्हणजे काय, तर जात एकच असली तरी हा कुठल्या घराण्यातला, याचा चुलता कोण, हा कुठून फुटून आला, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. मला हे ऐकून फार मजा वाटली होती. मी सूनबाईला म्हटलं, "म्हणजे आपल्याकडे सोयरीक जुळवताना विचारतात तसंच की गं!" ती म्हणाली, "बाबा, तुम्ही चहा घ्या."

तर यंत्राने सांगितलं की मेलेल्या प्रत्येक सीलमध्ये एकच घराणं. तंतोतंत एक, केसाचाही फरक नाही. सील आलेले वेगवेगळ्या किनाऱ्यांवरून, कोणी खाडीतून, कोणी लांबच्या खडकांवरून. सगळ्यांना तिकडेच लागण झाली असती तर घराणी वेगवेगळी निघाली असती. एकच निघतं याचा अर्थ सगळ्यांनी ते एकाच जागी घेतलं. म्हणजे तळ्यात. सूनबाईने तळ्याचं पाणी बाटलीत घेतलं, त्यातही तेच. मग ती हातमोजे घालून, नाकाला रुमाल बांधून गमबुटासमोर उभी राहिली आणि ओल्या काडीच्या टोकाच्या कापसाने त्याच्या बुटांचे तळवे पुसून घेतले. तिथेही तेच.

"एकच जिवाणू, एकच तळं, एकच माणूस," तिने केंद्राच्या साहेबांना सांगितलं. "किती वर्षं बोलतेय मी! बूट धुवा, बूट धुवा. एका कानाने ऐकायचं आणि शिट्टीत सोडून द्यायचं."

साहेब मुळात घाबरट माणूस. त्यांनी लगेच समिती बोलावली. महिनाअखेरीला बैठक, आणि तीत गमबुटाला कामावरून काढायचं हे ठरल्यासारखंच. तळ्यामागच्या ज्या खोलीत तो राहायचा तीही रिकामी करायची.

त्या दिवशी बाकावर तो शिट्टी वाजवत नव्हता. गालाला हात लावून बसला होता, कारण त्याच आठवड्यात त्याची दाढ दुखायला लागली होती. संकट आलं की दाढेलाही तेव्हाच सुचतं.

"काका," तो म्हणाला, "मला दुसरं काही येत नाही हो. सीलला औषध घातलेला मासा फसवून कसा भरवायचा, हे शिकलेल्या माणसाला जगात किती ठिकाणी नोकरी मिळते?"

मी म्हटलं, "बघू."

"काय बघू? आणि मी मारले म्हणे! मी! त्यातल्या चट्ट्यापट्ट्याला मी आठवडाभर रात्री उशाशी बसून…" आणि पुढचं बोलेना. दाढेने म्हणा, नाहीतर कशानेही म्हणा.

मी घरी जाऊन सूनबाईला सांगितलं, "अगं, माणूस रडकुंडीला आलाय."

"मग मी काय करू? सीलना विचारा ते कुठे आलेत."

आता ते पिल्लू. चट्ट्यापट्ट्या ही अंगावर ठिपके असलेली मादी होती. ती तळ्यात मेली, त्यानंतर काही दिवसांनी तिचं पिल्लू त्याच किनाऱ्यावर सापडलं. टेम्पोत घालून आणताना वाटेतच गेलं बिचारं. टेम्पो सरळ प्रयोगशाळेच्या दाराशी आला. पिल्लाने तळं पाहिलं नाही, आणि गमबूट त्या दिवशी जागेवर नव्हता. सूनबाईला ते बरंच वाटलं. ती म्हणाली, हे पिल्लू तळ्यात गेलेलं नाही, याच्यात तो जिवाणू निघायचा नाही, म्हणजे माझं म्हणणं पक्कं होईल.

निघाला. तोच. केसाचा फरक नाही.

मग काय, घर डोक्यावर घेतलं. "त्यांनीच हात लावला असणार! टेम्पोतून उतरवताना गुपचूप येऊन कुरवाळलं असणार! त्यांना सवयच आहे!" आणि चप्पल घालून निघाली. मी मागोमाग. गमबूट दातांच्या डॉक्टरकडे आहे असं कळलं, म्हणून ती तिथे, आणि तिथून तुम्हाला माहीतच आहे. आँ.

बाहेर बाकावर आम्ही बसलो. दोघं जण संपले. मग डॉक्टर हात पुसत आले.

"काय विचारायचं होतं?"

"मागच्या बुधवारी, ते पिल्लू आलं त्या दिवशी, हे कुठे होते?"

"मागच्या बुधवारी? इथेच. या खुर्चीत. दाढ मोडली, मूळ आत राहिलं. सकाळी आले ते दिवे लागल्यावर गेले. मला तर वाटलं आता अंथरूणही मागतात."

"मध्ये कुठे गेले नाहीत?"

"बाई, मी यांच्या जबड्यात गुडघा टेकवून उभा होतो. हे कुठे जाणार?"

इतका वेळ तोंडात कापूस धरून आत बसलेला गमबूट मागून आला. गाल कलिंगडाएवढा. तिच्याकडे बघून काहीतरी बोलला. कळलं काहीच नाही, पण चांगलं नव्हतं एवढं कळलं.

दुसरा कोणी असता तर तिथे गप्प बसला असता. पिल्लाचा नमुना कपाटात मागे सारायचा, बाकीचे पुढे करायचे. समितीला कुठे काय कळतं? पण सूनबाईला जागेवर न बसणारी वस्तू सहनच होत नाही. चमच्यांच्या खणात काटा गेला तर तिला खण रिकामा करावा लागतो. त्या पिल्लाने तिचा खण विसकटला होता. वाटेभर ती स्वतःशीच पुटपुटत होती, "तळं नाही. बूट नाहीत. मग आलं कसं? आलं कसं?" आणि घराच्या दारात थांबून तिने माझ्या पायांकडे बघितलं.

"बाबा, तुम्ही मला डबा द्यायला प्रयोगशाळेत येता ना?"

"येतो की."

"तळ्यावरून उठून? याच चपला घालून?"

"सूनबाई," मी म्हटलं, "आता मी?"

"पाय पुढे करा."

काय सांगू तुम्हाला! या वयात, स्वतःच्या उंबऱ्यावर, भिंतीला धरून एका पायावर उभा आहे मी, आणि सून माझ्या चपलेचा तळ पुसून घेतेय. पिशवीतून तिने काडी काढली, छोट्या बाटलीतल्या पाण्यात बुडवली, कारण कोरड्या कापसाला काही चिकटत नाही, आणि चपलेवर घासली. शेजारीण गॅलरीतून बघत होती. मी तिला हात केला. म्हटलं, तपासणी चाललीय.

मग सूनबाई म्हणाली की तुलनेला एक स्वच्छ जागाही हवी. स्वच्छ जागा म्हणजे जगात एकच, आमचा ओटा. तिने दुसरी काडी ओली केली आणि ओट्यावर फिरवली. तेवढ्यात चिरंजीव आले, दोन्ही हात वर करून.

"अगं, ओट्यावरून काय घेतेस? तिथं काही जिवंत राहिलं असेल तर आधी त्याला बक्षीस दे."

"तू हात धू."

दोन दिवसांनी ती प्रयोगशाळेतून आली आणि सरळ खुर्चीवर बसली. पिशवी जमिनीवर. जमिनीवर! मी आणि मुलगा एकमेकांकडे बघायला लागलो.

"काय झालं?"

"चपलेवर तोच निघालाय, असं दिसतंय. गोल, चकचकीत, हिरवट ठिपके."

"गेलो मी," मी म्हटलं. "मलाही समितीपुढे उभं करणार का?"

"ओट्यावरही तोच."

मुलाचा चेहरा कसा होत होता ते मला दिसत होतं. शेवटी त्याला राहवलं नाही. "म्हणजे आता तुलाही कामावरून काढणार? ओट्यासकट?"

ती हसली नाही, चिडलीही नाही. थोड्या वेळाने ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "सीलमध्ये. तळ्यात. बुटांवर. चपलेवर. माझ्या ओट्यावर. सगळीकडे तोच कसा असेल? सगळीकडे काय गेलं होतं?"

आणि पिशवीतून ती छोटी बाटली काढून समोर धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एक कोरी काडी घेतली, त्या बाटलीत बुडवली, कशालाही न लावता थेट बशीवर फासली. कशालाही नाही! आणि उगवले. गोल, चकचकीत, हिरवट.

आता हे कसं झालं ते ऐका, कारण अशी चूक करायला आमच्या सूनबाईसारखीच बाई लागते. प्रयोगशाळेत सुऱ्या, चिमटे, बाटल्या एका मोठ्या प्रेशर कुकरसारख्या भांड्यात वाफवतात, त्यात सगळं मरतं. तिथे थांबायचं असतं. जगातले बाकीचे लोक थांबतात. पण वाफवलेल्या सुऱ्यांवर पाण्याचे पांढरे ठिपके वाळतात, आणि ते सूनबाईला बघवेनात. म्हणून तिने कोपऱ्यात एक प्लास्टिकचा कॅन ठेवला होता, डिस्टिल्ड पाण्याचा. वाफवून झालं की त्या पाण्याने सगळं पुन्हा विसळायचं. सुऱ्या आरशासारख्या! बाटल्याही त्यानेच विसळायच्या, काड्या ओल्या करायची ती छोटी बाटलीही त्यातूनच भरायची. कॅन कमी झाला की वरून भरायचा. पूर्ण रिकामा असा कधी केलाच नाही, कारण त्यात आहे काय, पाण्याहून स्वच्छ पाणी! आणि त्या पाण्यात खायला काही नसताना, कॅनच्या तळाला धरून, एक जिवाणूंचं घराणं वर्षभर सुखाने नांदत होतं. ती जाईल तिथे तिच्याबरोबर जात होतं.

म्हणजे गमबुटाने काही पसरवलं नव्हतं. पसरवत होती ती चकाचक मॅडम, तेही फक्त बशांवर. सील त्या पाण्याच्या वाटेला मेल्यानंतरच गेले होते.

"मग सील कशाने मेले?" मुलाने विचारलं.

त्यावर ती उठली आणि पुन्हा प्रयोगशाळेत गेली.

तिच्या नीटनेटकेपणाचा एक फायदा होता: सगळ्या सीलच्या जुन्या बशा थंड कपाटात ओळीने लावलेल्या होत्या. तिने त्या एकेक करून उघडल्या. गोल चकचकीत ठिपके तर होतेच. पण त्यांच्या मधून मधून चपटे, खरबरीत, कडा फाटल्यासारखे राखाडी ठिपकेही होते. ते तिला आधीही दिसले होते. पण बशीतून एकच ठिपका उचलायचा ही त्यांच्याकडची रीत, आणि उचलायचाच तर मोठा, गोल, देखणा उचलायचा ही सूनबाईंची. ती बाजारातून बटाटे आणते ते सगळे एका मापाचे. आमच्या घरातली टोपली बघून कोणाला वाटेल जगात बटाटा एवढाच असतो. ते ओबडधोबड ठिपके तिने कचरा म्हणून सोडून दिले होते.

आता तिने ते सगळे उचलले. एका बशीतून एक नाही, दिसतील तेवढे. तोंड वाकडं करून उचलले, असं तिची मदतनीस बाई मला सांगत होती. आणि शहरात पाठवून दिले.

बैठक अगदी तोंडावर. तिने साहेबांकडे मुदत मागितली. साहेब म्हणाले, "मॅडम, आता काय? तुम्हीच तर एवढं ठासून सांगितलंत. लोक बोलावलेत, खुर्च्या मागवल्यात."

"खुर्च्या थांबतील हो!"

खुर्च्या थांबल्या नाहीत. बैठकीच्या दिवशी सकाळी मी आणि गमबूट बाकावर. बैठकीची खोली आमच्या डोक्यावरच, खिडकी उघडी. गमबुटाने बूट पुसले होते, म्हणजे पाण्याने ओले केले होते. खोलीतलं सामान त्याने दोन पोत्यांत बांधून ठेवलं होतं. पोती बाकाशेजारी.

"आधीच कशाला बांधलंस?" मी वैतागून विचारलं.

"त्यांना त्रास नको."

"तुझं डोकं फिरलंय."

"काका, दाढ काढल्यापासून हलकं वाटतंय."

तेवढ्यात सूनबाई फाटकातून आली, फोन कानाला लावलेला, शहरातल्या प्रयोगशाळेचा, आणि आमच्याकडे न बघता जिना चढून गेली. आम्ही दोघं कान वर करून बसलो.

आधी साहेबांचं बरंच काही झालं. मग तिचा आवाज आला. घरात ओरडते तसाच, फक्त सावकाश.

"मागच्या वेळी मी जे सांगितलं ते चुकीचं होतं. तो जिवाणू सीलमध्ये नव्हता, तळ्यात नव्हता, बुटांवर नव्हता. तो माझ्या पाण्यात होता. मी तो सगळीकडे लावला आणि सगळीकडे मला तोच सापडला."

गमबुटाने माझं मनगट धरलं. हात माशांनी बरबटलेला, पण मी तो तसाच राहू दिला.

साहेब घाईघाईने म्हणाले, "मॅडम, एवढं स्पष्ट बोलायची गरज नाही. आपण असं म्हणू, पुरावा अपुरा आहे."

"अपुरा कुठे आहे? पुरावा भरपूर आहे. माझ्याविरुद्ध आहे, एवढंच."

कोणीतरी विचारलं, मग सील मेले कशाने? तेव्हा तिने ते ओबडधोबड ठिपके सांगितले. फुप्फुस सुजवणारा खरा जिवाणू तो. जात सगळ्यांत एकच, पण घराणी वेगवेगळी. खाडीतल्या सीलचं निराळं, खडकांवरच्या सीलचं निराळं. एका सीलमध्ये तर दोन-दोन घराणी नांदत होती. तळ्यात एकाचं दुसऱ्याला लागलं असतं तर असं दिसलं नसतं. प्रत्येक जण आपापलं दुखणं समुद्रातूनच घेऊन आला होता. "फक्त एक जोडी सारखी निघाली," ती म्हणाली. "ती ठिपक्यांची मादी आणि टेम्पोत गेलेलं तिचं पिल्लू. पिल्लू तळ्यात आलंच नाही. म्हणजे त्यांचंही तिकडेच झालं. आईचं पिल्लाला किंवा पिल्लाचं आईला."

खाली गमबूट हळूच म्हणाला, "चट्ट्यापट्ट्या," आणि मनगट सोडलं.

"म्हणजे तो माणूस निर्दोष?" वरून कोणीतरी विचारलं.

"या बाबतीत."

"या बाबतीत म्हणजे?"

"बाकीच्या बाबतीत मला विचारू नका. वेळ पुरायचा नाही."

एवढं झाल्यावर समिती काय करणार? चहा प्यायली आणि उठली. गमबूट राहिला, खोली राहिली. त्याने पोती उचलून आत नेली आणि लगेच शिट्टी सुरू केली, तीही गालाची सूज पूर्ण उतरली नसल्यामुळे बेसूर. सूनबाई जिना उतरून त्याच्या समोरून गेली. त्याच्याकडे बघितलं नाही. घरी यायच्या आधी तिने पहिलं काम काय केलं, तर प्रयोगशाळेतला तो कॅन फाटकाबाहेर ठेवला. त्याच्याकडेही बघितलं नाही.

संध्याकाळी आम्ही घरात. ती ताटं फडक्याने पुसत होती, एकेक ताट उजेडात धरून, दात-ओठ खात. दारात बूट वाजले. गमबूट. डोक्याला तेल, अंगात धुतलेला शर्ट, आणि पायात तेच. मी म्हटलं, "ये ये!" मुलगा ग्रीसचा हात पुढे करणार होता, तो त्याने मागे घेतला.

गमबूट उंबऱ्याबाहेर उभा राहिला. वाटेत पाठ केलेलं असावं, कारण एका दमात म्हणाला, "मॅडम, तुम्ही चारचौघांत स्वतःचं नाव घेतलंत. दुसरं कोणी घेतलं नसतं. चूक कोणाकडूनही होते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी मनात काही ठेवलेलं नाही." आणि मोठ्या मनाने एक पाय उचलून आत टाकायला निघाला.

सूनबाईने ताट खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग त्या उचललेल्या पायाकडे बघितलं, आणि म्हणाली:

"चूक माझी होती, ती मी सगळ्यांसमोर कबूल केली, तो विषय संपला, पण म्हणून तुमचे बूट स्वच्छ ठरत नाहीत, तेव्हा ते दाराबाहेर काढा, पाय धुवा, आणि मग आत येऊन बसा, जेवण व्हायचंय अजून."